विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या ई-पुस्तकांच्या कायम टिकणाऱ्या लिंक कशा द्यायच्या?

चिंचेचं_पान

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत एका विद्यापीठात आधुनिक दक्षिण आशियाचा इतिहास शिकवते. अख्खा कोर्स एकटीच्या अंगावर यंदा पहिल्यांदाच आलाय. मुलांना एकही पुस्तक विकत घ्यायला लावायचं नाही, असं मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. आमच्या ग्रंथालयात ई-पुस्तकं भरपूर आहेत. त्यातली 14 निवडली, एकेक उघडून वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी केला आणि वाचनयादीत टाकला. माझ्या ऑफिसातल्या संगणकावर सगळ्या लिंक उघडत होत्या.

पहिला तास सोमवारी सकाळी होता. रविवारी रात्री साडेदहापासून मेल यायला लागल्या. एकीला 'सत्राची मुदत संपली' असं दिसत होतं. दुसऱ्याला थेट प्रकाशकाचं पान आणि एका प्रकरणाचे तीस डॉलर. तिसऱ्याला कोर्सच्या पानावर नुसता पांढरा चौकोन. 14 पैकी 9 लिंक कुणालाच उघडत नव्हत्या. त्यात एक मुलगा रात्रपाळी करून येतो, वाचायला त्याला तेवढेच दोन तास मिळतात. त्याचे ते दोन तास माझ्यामुळे वाया गेले आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलंय.

एकदा दिली की निदान सत्रभर आणि जमलं तर पुढची काही वर्षं चालेल अशी लिंक नक्की कुठून घ्यायची?

लीड्सकर

वरच्या पट्टीतला पत्ता कधीच घ्यायचा नाही. पुस्तकाच्या पानावर 'शेअर', 'परमालिंक' (म्हणजे कायमची लिंक) किंवा साखळीच्या दोन कड्यांचं चित्र शोधा आणि तिथली लिंक घ्या. निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

टोळभैरव

'कायम टिकणाऱ्या' एवढंच दिसलं आणि वाटलं वधूवर सूचक धागा आहे. :) आलोच आहे तर बसतो, माझ्या बायकोलाही तिच्या कोर्ससाठी हेच हवंय.

ओवी_गाते

चिंचेचं पान, मी इकडेच एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-संसाधनांचं काम बघते. तुमच्यासारखी मेल प्रत्येक सत्राच्या पहिल्या आठवड्यात येते, त्यामुळे स्वतःला लावून घेऊ नका. तुमच्या तीन विद्यार्थ्यांचे तीन वेगळे आजार आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मुदत संपली म्हणणाऱ्या लिंकमध्ये तुमच्या त्या दिवशीच्या बैठकीचा क्रमांक अडकलाय. पत्ता नीट बघा, मध्येच 'एसआयडी' किंवा 'सेशन' असा शब्द आणि त्यापुढे अक्षरं-आकड्यांची लांब माळ दिसेल. तो क्रमांक म्हणजे तुम्ही आत गेलात तेव्हा हातावर मारलेला शिक्का. खिडकी बंद केली की तो पुसला जातो. दुसऱ्याच्या हातावर तर तो चालतच नाही.

तीस डॉलर मागणाऱ्या लिंकचं वेगळं आहे. तुम्ही कॅम्पसवर होतात. प्रकाशकाचा सर्व्हर तुम्हाला नावाने ओळखत नाही, तुमच्या विद्यापीठाचा आयपी पत्ता, म्हणजे तिथल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ओळखतो. कॅम्पसबाहेर तोच पत्ता उघडला की तुम्ही त्याच्या दृष्टीने रस्त्यावरचे वाटसरू. यासाठी बहुतेक ग्रंथालयं मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर ठेवतात. ईझीप्रॉक्सी हे त्यातलं सगळ्यात पसरलेलं सॉफ्टवेअर. ख्रिस झागर या अ‍ॅरिझोनातल्या ग्रंथपालाने ते 1999 मध्ये लिहिलं आणि 2008 मध्ये ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने विकत घेतलं. एका ग्रंथपालाने स्वतःच्या वाचकांची अडचण बघून ते केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्याची लिंक दोन तुकड्यांची असते. पुढे ग्रंथालयाच्या प्रॉक्सीचा पत्ता, त्याला जोडून 'लॉगिन', प्रश्नचिन्ह, 'यूआरएल' आणि बरोबरचं चिन्ह. मग लगेच, मध्ये जागा न सोडता, पुस्तकाचा मूळ कायमचा पत्ता. (मी इथे देवनागरीत लिहितेय, प्रत्यक्षात हे सगळं रोमन अक्षरांत असतं.) विद्यार्थी क्लिक करतो, विद्यापीठाचं लॉगिन येतं, नाव-पासवर्ड दिला की प्रॉक्सी त्याला विद्यापीठाचा माणूस म्हणून प्रकाशकाच्या दारात नेऊन उभं करते.

पांढरा चौकोन म्हणजे तुम्ही पुस्तक कोर्सच्या पानाच्या आतच उघडायला सांगितलंय. पुष्कळ प्लॅटफॉर्म दुसऱ्याच्या पानाच्या चौकटीत उघडायला नकार देतात. लिंकच्या सेटिंगमध्ये 'नव्या खिडकीत उघडा' निवडा.

पदार्थवाला

एवढं सगळं कशाला? डीओआय, म्हणजे निबंधाला किंवा पुस्तकाला दिलेला कायमचा ओळख-क्रमांक, तो द्या आणि मोकळे व्हा. तो बनलाच आहे कायम टिकण्यासाठी. 2012 पासून आयएसओचं मानक आहे. प्रकाशकाने सगळी वेबसाइट उलटीपालटी केली तरी डीओआय नव्या जागी नेऊन सोडतो. आमच्या विषयात सगळे हेच करतात.

ओवी_गाते

पदार्थवाला, शोधनिबंधांसाठी एकशे एक टक्के मान्य. पुस्तकांना तो अर्धाच लागू पडतो, आणि नेमके इथेच प्राध्यापक फसतात.

डीओआय पुस्तकाला प्रकाशकाच्या दारात नेतो. पण ग्रंथालयाने ते प्रकाशकाकडून घेतलंय का? मानव्यविद्यांची कितीतरी पुस्तकं आम्ही प्रोक्वेस्टच्या ईबुक सेंट्रलवर किंवा एब्स्कोवर घेतो. पुस्तक तेच, प्रकाशक तोच, विक्रीचं दुकान मात्र वेगळं. डीओआयने विद्यार्थी प्रकाशकाच्या साइटवर जातो आणि तिथे आमच्या नावावर काहीच नसतं. पुढे प्रॉक्सी लावा नाहीतर लावू नका, तीस डॉलरचीच पाटी दिसणार.

पुस्तक प्रकाशकाच्याच प्लॅटफॉर्मवर घेतलेलं असेल, उदाहरणार्थ स्प्रिंगरचं, तर डीओआयसारखं दुसरं काही नाही. त्यांच्या डीओआयमध्ये पुस्तकाचा आयएसबीएनच असतो, आणि पुढे अधोरेखा देऊन प्रकरणाचा क्रमांक घातला की थेट प्रकरण उघडतं. फक्त पुढे प्रॉक्सी हवी.

पदार्थवाला

अच्छा. आमच्याकडे सगळं स्प्रिंगर आणि केंब्रिजच्या स्वतःच्या साइटवर असतं म्हणून हे कधी जाणवलंच नाही. शब्द मागे घेतो, निम्मे.

जुना_ग्रंथपाल

मी महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. ही चर्चा वाचून फार बरं वाटलं, कारण प्रश्न आमचाच आहे, फक्त कपडे बदललेत.

एका पावसाळ्यात आमच्या ग्रंथालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल आली. तिसऱ्या कपाटातली सगळी पुस्तकं रातोरात वरच्या मजल्यावर हलवावी लागली. शिपाई, मी आणि वसतिगृहातली सहा मुलं जिन्यात रांग लावून हातोहात पुस्तकं वर देत होतो. सकाळी ग्रंथालय उघडलं तेव्हा तालिकेच्या खणातलं एकही कार्ड आम्हाला बदलावं लागलं नाही. कारण कार्डावर 'तिसरं कपाट, दुसरा खण' असं लिहिलेलं नव्हतं, बोधांक लिहिलेला होता. बोधांक सांगतो हे पुस्तक कोणतं. ते आज कुठे आहे हे सांगायला कपाटाच्या टोकाला लावलेली पाटी असते. आम्ही पाट्या तेवढ्या बदलल्या.

आमच्याआधीच्या एका गृहस्थांनी मात्र दाखलनोंदवहीत पेन्सिलीने कपाटांचे क्रमांक टाकून ठेवले होते. ती वही त्या दिवसापासून निरुपयोगी झाली. चिंचेचं पान यांनी जो वरच्या पट्टीतला पत्ता घेतला, तो मला त्या पेन्सिलीच्या आकड्यासारखा वाटतो. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचा चौथा सिद्धांत आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता, 'वाचकाचा वेळ वाचवा'. तो रात्रपाळीचा मुलगा वाचून तो आठवला.

चिंचेचं_पान

काका, 'कपडे बदललेत' हे फार आवडलं. ओवी, खूप खूप आभार. आज बसून पाच लिंक दुरुस्त केल्या. पण नवीन पेच आलाय. एक पुस्तक माझ्याकडे नीट उघडलं, वर्गातल्या पहिल्या मुलीला उघडलं, बाकीच्यांना 'सध्या दुसरा वाचक वापरतो आहे' असं आलं. लिंक तर बरोबर आहे ना?

ओवी_गाते

लिंक बरोबर आहे. लायसन्स एका वाचकाचं आहे.

बाहेरच्यांना वाटतं की ई-पुस्तक म्हणजे कितीही जणांनी एकाच वेळी वाचा. आम्ही ते एका वाचकासाठी, तीन वाचकांसाठी किंवा अमर्याद वाचकांसाठी असं घेतो आणि किमती त्याप्रमाणे चढतात. एका वाचकाचं पुस्तक 35 जणांच्या वर्गाला दिलं की शुक्रवारी दुपारपर्यंत कुणी फिरकत नाही आणि रविवारी रात्री दारात चेंगराचेंगरी. तुमच्या विषय-ग्रंथपालांना आजच मेल करा: पुस्तकाचं नाव, वर्गात किती मुलं, कोणत्या आठवड्यात लागणार. शक्य असेल तिथे आम्ही लायसन्स वाढवतो. परत पाठवलेल्या वाचकांचा आकडाही प्लॅटफॉर्म आम्हाला देतो, त्यामुळे गरज आम्हाला दिसते. पण ती दिसते महिन्याने, आणि तोवर तुमचं ते प्रकरण शिकवून झालेलं असतं.

जेस्टोरवरच्या बहुतेक पुस्तकांना ही मर्यादा नसते. तुमच्या विषयाची बरीच विद्यापीठ-प्रकाशनं तिथे आहेत. पर्याय असेल तर ते निवडा.

कृष्णाकाठ

मी सांगली भागात एका अनुदानित महाविद्यालयात एमएला शिकवतो. आमच्याकडे एन-लिस्ट आहे, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणारी योजना. माझा प्रश्न साधा आहे. एन-लिस्टमधून पुस्तक उघडतो, लिंक कॉपी करून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो आणि कुणालाच उघडत नाही. मुलं गावाकडून, मोबाइलवर, दिवसाला ठरावीक डेटात अभ्यास करतात. चार वेळा क्लिक करून काही आलं नाही की पाचव्यांदा कुणी करत नाही, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

शिवाय आता सरकारची 'एक देश एक सदस्यत्व' योजना आलीय, तर या सगळ्याची गरजच उरणार नाही का?

सदाफुली

+१. आमच्या कॉलेजातही हेच चालू आहे.

ओवी_गाते

कृष्णाकाठ सर, भारतातला माझा अनुभव जुना आहे, तरी जे पक्कं आहे ते सांगते. एन-लिस्टचं लॉगिन प्रत्येक सदस्याचं स्वतंत्र असतं. तुम्ही आत गेल्यावर जो पत्ता दिसतो तो तुमच्या लॉगिनच्या मागचा. मुलाने आधी स्वतःच्या नावाने आत जायला हवं. म्हणून आधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडून मुलांची खाती उघडून घ्या. मग गटावर नुसती लिंक टाकण्याऐवजी पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, वर्ष, कोणत्या प्लॅटफॉर्मवर आहे आणि कितवं प्रकरण हे लिहा. लिंक मेली तरी या एका ओळीवरून पुस्तक सापडतं.

'एक देश एक सदस्यत्व' ही योजना नियतकालिकांसाठी आहे. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं त्यात आहेत. पुस्तकांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

जुना_ग्रंथपाल

सर, प्रबंध वाचायला सांगत असाल तर शोधगंगेचा मार्ग सोपा आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ते भांडार सर्वांना खुलं आहे, लॉगिन लागत नाही. प्रत्येक प्रबंधाच्या पानावर 'हॅंडल', म्हणजे न बदलणारा ओळख-क्रमांक, दिलेला असतो: 10603, तिरकी रेघ आणि पुढे प्रबंधाचा क्रमांक. तो पत्ता द्यावा, पट्टीतला देऊ नये. डीओआयसुद्धा याच हॅंडल पद्धतीवर उभा आहे. विदर्भातल्या शेतमजुरांवरचे, कोकणातल्या बोलींवरचे कितीतरी मराठी प्रबंध तिथे वाचकांची वाट बघत पडले आहेत.

कृष्णाकाठ

काका, हे आजच करतो. हॅंडल म्हणजे काय हे मला आत्ता कळलं, आतापर्यंत मी त्या ओळीकडे दुर्लक्षच करत होतो.

चहाटळ_नाही

मी युकेत मास्टर्स करतोय. विद्यार्थ्याच्या बाजूने तीन गोष्टी सांगतो, कारण शिक्षकांना त्या दिसत नाहीत.

वाक्याच्या शेवटी लिंक देऊन पूर्णविराम ठोकू नका. तो पूर्णविराम लिंकमध्ये शिरतो आणि पान सापडत नाही. आमच्या एका हँडआउटमध्ये सहापैकी सहा लिंक अशाच मेल्या होत्या. शेवटचा ठिपका खोडला की सगळ्या जिवंत. वर्गातल्या बाकीच्यांना हे कळायला दोन आठवडे लागले.

दुसरं, वर्डमध्ये लिंक टाइप केली की कधीकधी साध्या जोडरेषेची लांब रेघ होते. डोळ्यांना कळत नाही, सर्व्हरला कळतं. आणि पीडीएफमध्ये लांब लिंक दोन ओळींत तुटली की अर्धीच उघडते. लिंक पुस्तकाच्या नावामागे दडवा, उघडी ठेवू नका.

तिसरं, आमच्याकडे प्रॉक्सी नाही, ओपनअथेन्स ही लॉगिनची सेवा आहे. त्यात 'रिडायरेक्टर'ने बनवलेली लिंक दिली की आधीच कळलेलं असतं की मी कोणत्या विद्यापीठाचा. नाहीतर 'तुमची संस्था निवडा' अशी शेकडो नावांची यादी समोर येते आणि फोनवर ती सरकवता सरकवता बोटं दुखतात.

ओवी_गाते

चहाटळ नाही, तुमची पहिली गोष्ट मी आमच्या प्राध्यापकांच्या सूचनापत्रात आजच घालतेय. तिच्या जोडीला आणखी एक. मूळ पत्त्यात हॅशचं चिन्ह असेल तर त्याच्यापुढचं काहीच सर्व्हरकडे जात नाही, ब्राउझर ते स्वतःजवळच ठेवतो. मग प्रॉक्सीतून गेल्यावर पुस्तकाऐवजी साइटचं पहिलं पान उघडतं. अशा वेळी ग्रंथालयाच्या साइटवर 'लिंक बनवा' अशी खिडकी असते, तीत पत्ता टाका. ती चिन्हं सांकेतिक रूपात बदलून देते. हाताने जुळवायला जाऊ नका.

उंबरठा

मला कळत नाही, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? प्रकरणाची पीडीएफ उतरवा, कोर्सच्या पानावर चढवा. मुलांना एका क्लिकमध्ये मिळते. मी बारा वर्षं हेच करतोय.

टोळभैरव

उंबरठा यांनी शांत पाण्यात दगड टाकला. :)

शमी

पीडीएफ चढवणं सरसकट चूकही नाही आणि सरसकट मोकळंही नाही. कायद्याचं थोडं लिहिते.

भारतात दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचा खटला आठवत असेल. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दावा लावला होता. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अध्यापनाच्या ओघात प्रती काढण्याला कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात जागा आहे, हा त्याचा आधार. 2017 मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. अमेरिकेत जॉर्जिया स्टेट विद्यापीठावरचा खटला याच स्वरूपाचा, पण तिथे प्रती ग्रंथालयाच्या सर्व्हरवर होत्या. 2008 मध्ये दाखल झाला आणि संपायला 2020 उजाडलं. तिथे प्रत्येक उताऱ्याचा वेगळा हिशेब झाला: किती टक्के, कशासाठी, बाजारावर काय परिणाम. बारा वर्षं, उताऱ्यागणिक. म्हणून तिकडची ग्रंथालयं म्हणतात की लिंक द्या, लिंक देणं म्हणजे प्रत काढणं नव्हे.

उंबरठा

माहितीबद्दल धन्यवाद, जॉर्जियाचं माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. मुलांच्या सोयीचं काय?

ओवी_गाते

उंबरठा, सोयीचा मुद्दा खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. फक्त आमची एक बाजू ऐका. दरवर्षी वर्गणीच्या नूतनीकरणाच्या वेळी माझ्यासमोर वापराचे आकडे असतात. तुमच्या 40 मुलांनी चढवलेली पीडीएफ वाचली तर त्या पुस्तकाच्या नावापुढे एक आकडा पडतो, तुमचा उतरवून घेण्याचा. लिंकवरून वाचलं तर चाळीस. शून्य किंवा एक असलेली पुस्तकं आधी कापली जातात. दक्षिण आशियाच्या, त्यातही मराठी विषयांवरच्या पुस्तकांवर हे मी डोळ्यांदेखत होताना पाहिलंय. ज्या पुस्तकावर तुम्ही वर्ग चालवता ते पुस्तकच ग्रंथालयातून जातं.

उंबरठा

हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. या सत्रापासून बदलून बघतो.

पदार्थवाला

थोडं विषयांतर. छोट्या लिंक वापरणाऱ्यांनी सावध राहा. माझ्या जुन्या नोट्समध्ये सगळीकडे गूगलची लघुदुवा सेवा होती. 2019 पासून तिथे नवीन लिंक बनवणं बंद झालं, मग 2024 मध्ये जाहीर झालं की 25 ऑगस्ट 2025 नंतर जुन्याही बंद. शेवटच्या महिन्यात त्यांनी वापरात असलेल्या लिंक राखायचं ठरवलं, पण तोवर मी तीन रात्री जागून सगळ्या उकलून ठेवल्या होत्या.

शमी

विषयांतर मुळीच नाही. हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या लिंक तपासल्या होत्या. निम्म्यांच्या आसपास लिंकवर मूळचा मजकूर उरलेला नव्हता. त्यातूनच हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने उल्लेखिलेल्या पानांची प्रत जपून ठेवणारी सेवा 2013 मध्ये सुरू केली. खुल्या वेबपानांना ती उत्तम, लॉगिनमागच्या पुस्तकांना उपयोगाची नाही.

सदाफुली

मग कॅटलॉगमधल्या नोंदीची लिंक दिली तर? आमच्या इथे पुस्तकाच्या नोंदीवरच परमालिंकचं बटण आहे.

ओवी_गाते

सदाफुली, माझं स्वतःचं मत तेच आहे, उलट मी ते आधीच लिहायला हवं होतं. वाचनयादीत मी कॅटलॉगच्या नोंदीचीच परमालिंक देते.

2016 च्या सुमारास ईब्ररी आणि ईबीएल हे दोन जुने प्लॅटफॉर्म गुंडाळून सगळी पुस्तकं ईबुक सेंट्रलवर गेली. जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळवण्याची सोय केली होती, तरी आमच्या प्राध्यापकांच्या यादीतल्या कितीतरी लिंक मला हाताने बदलाव्या लागल्या. ज्यांनी कॅटलॉगची लिंक दिली होती त्यांना काही झालं ते कळलंसुद्धा नाही, कारण नोंदीच्या मागचा पत्ता आम्ही बदलला. काकांच्या ओलीच्या भिंतीसारखंच.

शिवाय पॅकेजमध्ये वर्गणीवर आलेली पुस्तकं कधीही काढून घेतली जातात. प्लॅटफॉर्मची लिंक अशा वेळी बंद दारावर नेते. कॅटलॉगच्या नोंदीवर छापील प्रत असेल तर तीही दिसते, दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर असेल तर तेही, आणि आंतरग्रंथालयीन मागणीचं बटणही.

तोटे दोन. विद्यार्थ्याला एक क्लिक जास्त लागतो आणि थेट प्रकरण उघडत नाही. आणि ग्रंथालयाने कॅटलॉगचं सॉफ्टवेअरच बदललं तर या परमालिंकही बदलतात. आमच्याकडे ते एकदा झालंय. पण तेव्हा जबाबदार माणूस तुमच्याच इमारतीत असतो, त्याचं दार ठोठावता येतं.

लीड्सकर

वर्गणी आणि खरेदीचा फरक महत्त्वाचा आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रोक्वेस्टची मालक क्लॅरिव्हेट हिने ई-पुस्तकांची एकदाच पैसे भरून कायमची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. ग्रंथालयांनी एवढा आवाज केला की मुदत 2026 च्या जूनपर्यंत पुढे गेली. पुस्तकच कायमचं विकायचं नसेल तर लिंक कायमची कुठून येणार?

जुना_ग्रंथपाल

आम्ही दाखलनोंदवहीत शाईने नोंद करायचो ती याच भरवशावर, की पुस्तक आता या घरचं झालं. हा भरवसा जातोय याचं वाईट वाटतं.

ओवी_गाते

काका, मलाही. म्हणून पैसे असतील तेव्हा मी कायम मालकीचंच पुस्तक घेते, महाग पडलं तरी.

एक राहिलं. पुस्तक सगळ्यांना मोफत खुलं असेल, उदाहरणार्थ ओएपेन या खुल्या पुस्तकांच्या भांडारात मिळणारं, तर पुढे प्रॉक्सी लावू नका. उगाच लॉगिन मागितलं जातं आणि विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला बंद होतं. कृष्णाकाठ सरांच्या मुलांसाठी मी आधी तिथेच शोधेन.

चिंचेचं_पान

तीन आठवड्यांनी आले, उशिराबद्दल माफ करा. काय झालं ते सांगते.

14 च्या 14 लिंक नव्याने केल्या. कॅटलॉगची नोंद मुख्य, आणि त्या आठवड्याला ठरावीक प्रकरण असेल तिथे शेजारी प्रॉक्सीसह प्रकरणाची लिंक. प्रत्येकीखाली लेखक, वर्ष, पानं. मग फोनचं वायफाय बंद केलं, इन्कॉग्निटो खिडकी उघडली आणि घरच्या ओट्याजवळ उभी राहून एकेक तपासली. तेरा उघडल्या. चौदावं पुस्तक पॅकेजमधून काढून घेतलेलं निघालं. विषय-ग्रंथपाल बाईंना मेल केली, त्यांनी दोन दिवसांत तीन वाचकांचं लायसन्स विकत घेतलं. माझ्या एका मेलने हे होतं हे मला माहीतच नव्हतं.

रात्रपाळीच्या मुलाची मेल परवा आली, पहाटे 1:40 ची. त्यात एकच ओळ होती, दुसऱ्या प्रकरणातल्या सारा-वसुलीच्या तक्त्याबद्दलचा प्रश्न. लिंकबद्दल एक शब्द नव्हता.

पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये 14 ऑगस्ट टाकून ठेवलाय, सगळ्या लिंक पुन्हा उघडून बघायला.

कृष्णाकाठ

आमचं वर्ष आधी सुरू होतं, मी 10 जून टाकला. मुलांपैकी 31 जणांची एन-लिस्ट खाती झाली. शोधगंगेवरचे चार प्रबंध हॅंडलसकट गटावर दिलेत. एका मुलीने त्यातल्या एकाची सगळी संदर्भसूची वहीत उतरवून आणली आणि विचारलं, सर, यातली पुस्तकं कुठे मिळतील?

जुना_ग्रंथपाल

सर, ती सूची मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. बसून बघतो कोणती कुठे आहेत.